सौर, पवन आणि जलविद्युत प्रकल्प: जनसुनावणीत आपला हक्क किती?

गावाजवळ वीज प्रकल्प येणार म्हटलं की दोन गोष्टी कानावर येतात. कुणी म्हणतं नोकऱ्या मिळतील, कुणी म्हणतं चराई गेली. पण गावाला विचारणं कायद्याने बंधनकारक आहे का, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

नियम काय आहे?

मोठ्या प्रकल्पाने पाणी, जमीन, जंगल आणि माणसांवर काय परिणाम होईल, याचा आधीच केलेला अभ्यास म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन. केंद्र सरकारची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना त्याचा आधार आहे. जनसुनावणी हा त्याचाच एक टप्पा.

कुठे लागू, कुठे नाही?

खरी गोम इथेच आहे. २५ मेगावॅट आणि त्याहून मोठे जलविद्युत प्रकल्प या अधिसूचनेच्या यादीत आहेत. पवनचक्क्या आणि सौर पॅनेलचे प्रकल्प मात्र त्याबाहेर आहेत. म्हणजे शेकडो एकरांवर पॅनेल बसले तरी या नियमाखाली जनसुनावणी होत नाही.

वीज स्वच्छ असली तरी त्रास शून्य नसतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकर परिसरातील पवनचक्क्यांची नोंद घेतली आहे. डोंगर फोडून केलेले रस्ते, मातीची धूप, शेतात आणि जलाशयात आलेला राडारोडा, हे सारं त्यात आहे. आज सौर कृषी वाहिनी योजनेसाठी अनेक गावांत गायरान दिलं जातंय. शेळ्या-म्हशींवर घर चालवणाऱ्यांसाठी हा पोटाचा प्रश्न आहे.

सुनावणी असेल तर

- किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. त्यातलं एक स्थानिक भाषेतलं हवं.
- मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी पाहायला मिळतो. सारांश मराठीत मागा, तो देणं बंधनकारक आहे.
- सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळच होते. आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी.
- हजर प्रत्येकाला प्रश्न विचारता येतो. चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. आपला मुद्दा सुटला असेल तर तिथेच सांगा.
- जाता येत नसेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हात वर करून प्रकल्प थांबत नाही. पण नोंदलेल्या प्रत्येक मुद्द्याला कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. म्हणून "आमचा विरोध आहे" एवढंच न म्हणता नेमकं बोला: कोणती विहीर, कोणता ओढा, कब्रस्तानाची कोणती वाट, किती जनावरं. घरातल्या बायकांनाही सोबत न्या; पाणी कुठून आणि किती लांबून येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

सुनावणी नसेल तर

गायरान किंवा गावाची जमीन जाणार असेल तर ग्रामसभेत विषय घ्यायला लावा आणि ठराव लेखी घ्या. वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मांडता येतात. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून कागदपत्रं मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवस. स्वतःची जमीन भाड्याने देत असाल तर करार मराठीत वाचून, समजून मगच सही करा.

पर्यावरण मंजुरी मिळाल्यावरही दाद मागता येते. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. अपिलाची मुदत ३० दिवसांची. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते.

२०२० मध्ये या अधिसूचनेचा नवा मसुदा आला तेव्हा नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव त्यात होता. मसुदा फक्त हिंदी-इंग्रजीत होता. इतर भारतीय भाषांतही तो द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला काढावा लागला. लोकांनी मागणी केली म्हणूनच हे घडलं. तेव्हा पुढची नोटीस दिसली की तारीख लिहून ठेवा आणि मोहल्ल्यात, वाडीत सगळ्यांना सांगा.