राज्यमार्ग १२८, यूटा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यूटा राज्यात कोलोरॅडो नदीच्या घळईतून जाणारा निसर्गरम्य मार्ग. लांबी सु. ७२ किमी. मोअ‍ॅब शहराच्या उत्तरेस नदीवरील पुलाजवळ तो सुरू होतो, प्रवाहाच्या उलट दिशेने ईशान्येकडे जातो आणि ओस पडलेल्या सिस्को या जुन्या रेल्वेगावाच्या परिसरात आंतरराज्य महामार्ग ७० ला मिळतो.

भूरचना : या भागात वर्षाकाठी जेमतेम २३ सेंमी. पाऊस पडतो. नदीला पाणी येते ते रॉकी पर्वतातील बर्फाचे. मे-जूनमध्ये ते चढते आणि गाळाने तांबडे होते. काठावर कॉटनवुड आणि झाऊ यांची हिरवी किनार दिसते. यांपैकी झाऊ परदेशातून आणलेला असून आता तो सर्वत्र फोफावला आहे. किनारीपलीकडे उघडा खडक असल्याने पृथ्वीचा इतिहास थरांवरून वाचता येतो.

सुरुवातीला घळई अरुंद आहे. वालुकाश्माचे सरळसोट कडे रस्त्याला भिडतात. त्यांचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडाचा. त्यांवरून ओघळल्यासारखे दिसणारे काळे चकचकीत पट्टे म्हणजे मँगॅनीज, लोह व चिकणमाती यांचा अतिशय पातळ लेप. पुढे कॅसल व्हॅली व प्रोफेसर व्हॅलीपाशी दृश्य एकदम मोकळे होते. येथे जमिनीखालील मिठाचे जाड थर वर दाबले गेल्याने खडकांना बाक आला. पुढे पाण्याने मीठ विरघळले, माथा खचला आणि रुंद दऱ्या तयार झाल्या.

फिशर टॉवर्स : मोअ‍ॅबपासून सु. ३४ किमी.वर फुटणाऱ्या कच्च्या रस्त्याने या सुळक्यांच्या पायथ्याशी जाता येते. जवळून पाहता ते ओल्या मातीचे थेंब ओघळता ओघळता सुकावेत तसे दिसतात. अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या पन्हळी आहेत. यांतील सर्वांत उंच ‘टायटन’ सु. २७५ मी. असून त्यावर पहिली चढाई १९६२ मध्ये झाली.

इतिहास : याच मार्गावर ड्यूई येथे नदीवरील लाकडी फळ्यांचा झुलता पूल १९१६ मध्ये खुला झाला. त्यावरून एका वेळी एकच गाडी जाई. तेव्हा येथील प्रवाहाला ‘ग्रँड’ नदी म्हणत. ‘कोलोरॅडो’ हे नाव त्याला १९२१ मध्ये मिळाले. १९८० च्या दशकात शेजारी नवा पूल झाला आणि जुना पूल पादचाऱ्यांसाठी राहिला. २००८ मध्ये एका लहान मुलाच्या हातून लागलेल्या आगीत त्याच्या फळ्या जळून गेल्या. जॉन फोर्ड यांच्या ‘वॅगन मास्टर’ व ‘रिओ ग्रँड’ (दोन्ही १९५०) या चित्रपटांचे चित्रीकरण याच परिसरात झाले.

प्रवास : वसंत व शरद हे सोयीचे ऋतू. वाटेत पेट्रोल मिळत नाही. वादळी पावसात कोरड्या ओढ्यांना क्षणात लोंढा येतो, म्हणून त्यांच्या पात्रात थांबू नये. हे ७२ किमी. तासाभरात सहज संपतात, पण मार्ग खरा पाहायचा तर अख्खा दिवस द्यावा आणि संध्याकाळी सिस्कोकडून मोअ‍ॅबकडे परतावे. त्या वेळी समोर नदीचे वळण, त्यामागे मावळत्या उन्हात पेटलेले फिशर टॉवर्स आणि त्यांच्याही मागे ला साल पर्वताची बर्फाच्छादित शिखरे एकाच दृष्टिक्षेपात येतात.