गोडावरचा आळ

सॅकरिनवर पहिला आळ आला तो लबाडीचा. कॅन्सर, वजन, आतड्यातले जिवाणू ही कलमं मागाहून लागली. चहात गोळी टाकताना शेजारचं कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, त्याने कॅन्सर होतो म्हणे." हे "म्हणे" कुठून आलं ते शोधायला निघालं, तर जवळजवळ दीडशे वर्षं मागे जावं लागतं. त्या प्रवासात सॅकरिनपेक्षा त्याच्या फिर्यादींचीच ओळख जास्त होते.

सुरुवात खऱ्या साखरेपासूनच झाली. कॉन्स्टँटिन फालबर्ग हा रशियात जन्मलेला रसायनतज्ज्ञ. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी साखर आयात करणाऱ्या एका पेढीचा माल सरकारने अडकवून ठेवला होता, आणि त्या साखरेची शुद्धता तपासायला पेढीने फालबर्गला नेमलं. तपासणीसाठी जागा मिळाली ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत. साखरेचं काम उरकलं, पण फालबर्ग तिथेच रमला आणि दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करू लागला. १८७८ च्या उन्हाळ्यात एका रात्री तो जेवायला बसला तर पाव गोड लागला. तोंड पुसलं तर रुमालही गोड. हात धुवायचे राहून गेले होते. त्याने अंगठा चाटून पाहिला आणि तसाच उठून प्रयोगशाळेत गेला. टेबलावरच्या एकेका भांड्यातलं तो चाखत सुटला. एखाद्या भांड्यात जहाल काही असतं, तर पुढचं काही लिहायची वेळच आली नसती.

न धुतलेले हात हा या घराण्याचा कुळाचारच दिसतो. १९३७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा नावाच्या विद्यार्थ्याने टेबलावर ठेवलेली सिगारेट पुन्हा ओठात धरली आणि ती गोड लागली, ते सायक्लामेट. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर अल्सरवरच्या औषधाच्या कामात होता. कागद उचलायला त्याने बोट जिभेला लावलं, ते अ‍ॅस्पार्टेम. आणि १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात, प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस नावाचा तरुण संशोधक काम करत होता. साखरेच्या रेणूला क्लोरीनचे अणू जोडून काय होतं, हे तिथे पाहिलं जात होतं. नव्या पदार्थाची चाचणी घे, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं ते, चव घे. (इंग्रजीतले ते दोन शब्द देवनागरीत आपण सारखेच लिहितो, तेव्हा हसायला आपल्याला तोंड नाही.) फडणिसांनी चमच्याच्या टोकावर थोडं घेऊन जिभेला लावलं. साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड असलेलं सुक्रालोज असं जगात आलं. मराठी आडनावाला या कुळकथेत हक्काची जागा मिळाली ती कानांच्या कृपेने.

पण आळ आला तो थोरल्या भावावर, म्हणजे सॅकरिनवर. १८७९ मध्ये रेमसेन आणि फालबर्ग यांनी मिळून शोधनिबंध छापला. त्यानंतर फालबर्गने एकट्याच्या नावाने पेटंटं घेतली आणि जर्मनीत माग्देबुर्गजवळ कारखाना काढला. रेमसेन धंद्याला तुच्छ मानणारे शास्त्रज्ञ होते. पैसे गेल्याचं त्यांना दुःख नव्हतं, पण श्रेय गेल्याचा राग त्यांनी आयुष्यभर जपला. फालबर्गच्या नावाशेजारी आपलं नाव ऐकलं तरी त्यांना मळमळायचं. या रागाची पुढे गरज पडेल.

पदार्थ खायला सुरक्षित आहे का, ही चाचणी फालबर्गने स्वतःवरच घेतली. दहा ग्रॅम सॅकरिन खाल्लं आणि एक दिवस थांबला. काही झालं नाही. खाल्लेलं जवळजवळ सगळं जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडलं. एक माणूस, एक दिवस, आणि तोच कारखान्याचा मालक. आजच्या कुठल्याही अन्ननियामकाला घाम फुटेल असा हा अहवाल, पण त्या काळी तो पुरला. शिवाय अंगाला न लागता बाहेर पडतं, हे निरीक्षण नंतरही खरंच ठरलं.

माग्देबुर्गचा परिसर म्हणजे जर्मनीतल्या बीटसाखरेचं माहेरघर. साखरेच्या तीनशे-चारशेपट गोड आणि स्वस्त अशी पूड साखर कारखानदारांच्या दारातच तयार व्हायला लागल्यावर त्यांनी गप्प बसावं तरी कसं! १९०२ मध्ये जर्मनीने कायदा करून सॅकरिन औषधाच्या दुकानांपुरतं आणि मधुमेही रुग्णांपुरतं उरवलं. इतरही युरोपीय देशांनी निर्बंध घातले. स्वित्झर्लंडने घातले नाहीत, त्यामुळे तिथून सॅकरिनची चोरटी वाहतूक जोरात सुरू झाली. एवढ्याशा पुडीत एवढी गोडी, म्हणजे चोरवाटेसाठी सोयीचाच माल. पहिल्या महायुद्धात साखर मिळेनाशी झाली, तेव्हा तेच सरकार हीच पूड लोकांना वापरू देऊ लागलं. तब्येतीची काळजी युद्धाआधीही फारशी नव्हती, हे त्यातून कळतं.

अमेरिकेतली गोष्ट जास्त रंगतदार आहे. तिथल्या कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांनी अन्नातल्या भेसळीविरुद्ध हयात घालवली. १९०२ पासून त्यांनी तरुण स्वयंसेवकांना जेवणातून बोरॅक्स, फॉर्मॅल्डिहाइड वगैरे घालून काय होतं ते पाहिलं. वर्तमानपत्रांनी त्या पथकाला विषपथक म्हणायला सुरुवात केली. १९०६ चा शुद्ध अन्न कायदा झाला त्यात वायलींचा वाटा मोठा होता. १९०८ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढे बैठक भरली. डबाबंद अन्नाचे कारखानदार गाऱ्हाणं घेऊन आले होते. त्यांतले शर्मन म्हणाले, आमच्या पेढीने मक्याच्या डब्यांत साखरेऐवजी सॅकरिन घालून वर्षाला चार हजार डॉलर वाचवले. वायलींना राहवलं नाही. अध्यक्षांनी विचारण्याआधीच ते मध्ये बोलले. तो मका खाणारा प्रत्येक जण फसवला गेला, असं ते म्हणाले. आपण साखर खातो असं त्याला वाटलं आणि प्रत्यक्षात त्याने पोषणशून्य असं डांबराचं द्रव्य खाल्लं. एवढ्यावर थांबते तर बरं होतं. ते प्रकृतीलाही अत्यंत घातक असतं, अशी पुस्ती त्यांनी जोडली.

रूझवेल्ट भडकले. त्यांचे डॉक्टर रिक्सी त्यांना रोज सॅकरिन देत होते. त्याला घातक म्हणणारा माणूस मूर्ख आहे, असं अध्यक्षांनी तिथल्या तिथे सुनावलं.

या दोन मिनिटांत पुढची शंभर वर्षं मावलेली आहेत. वायलींच्या बोलण्यातला पहिला भाग, म्हणजे लोक फसवले गेले हा, निखालस खरा होता. दुसऱ्याला त्यांच्याकडे पुरावा नव्हता. पण मालात लबाडी आहे म्हटल्यावर माल विषारीही असणार, ही उडी मनाला फार सहज मारता येते. आणि लोकांच्या लक्षात राहिला तो दुसराच भाग.

रूझवेल्टनी निवाड्यासाठी शास्त्रज्ञांचं मंडळ नेमलं. अध्यक्ष कोण, तर आयरा रेमसेन! फालबर्गचं नावही न सोसणारा माणूस त्याच्याच पदार्थाचा न्यायाधीश झाला. आणि तरी निकाल समतोल निघाला: दिवसाला ०.३ ग्रॅमपर्यंत अपाय नाही, त्याहून जास्त आणि सतत खाल्ल्यास पचन बिघडू शकतं. १९१२ मध्ये तयार अन्नातलं सॅकरिन सरकारने बंद केलं, पण त्यातला मुख्य मुद्दा असा होता की साखर काढून हे घातल्याने अन्नाचा कस कमी होतो. कायद्याच्या लेखी तो गुन्हा अजून भेसळीचाच होता. त्याच वर्षी वायलींनी नोकरी सोडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. कस कमी होणं हाच गुण ठरला. बारीक होऊ पाहणारे लोक सॅकरिन मागून घेऊ लागले, जाहिरात त्याचीच होऊ लागली आणि डाएट पेयांच्या बाटल्या निघाल्या. गिऱ्हाइकाला सगळं माहीत असल्यावर लबाडीचं कलम टिकणार कसं? मागे उरलं ते वायलींच्या पुस्तीचं शेपूट, प्रकृतीला घातक. त्याला १९५८ मध्ये कायद्याचं बळ मिळालं. डिलेनी कलम म्हणून ओळखली जाणारी ती तरतूद अशी की, माणसात वा प्राण्यात, कितीही मात्रेत, ज्याने कॅन्सर होतो असं दिसलं तो पदार्थ अन्नात घालता येणार नाही. मात्रेचा विचारच नाही. १९६९ मध्ये सायक्लामेट आणि सॅकरिनचं दहास एक मिश्रण खाणाऱ्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी सापडल्या आणि सायक्लामेट अमेरिकेत बंद झालं. युरोपात ते आजही चालतं.

१९७७ मध्ये पाळी सॅकरिनची आली. कॅनडातल्या प्रयोगात उंदरांना त्यांच्या एकूण खाण्याच्या पाच टक्के इतकं सॅकरिन दोन पिढ्या देण्यात आलं. दुसऱ्या पिढीतल्या नरांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला. माणसाच्या हिशेबात मांडलं तर दिवसाला शेकडो बाटल्या डाएट पेय, आणि तेही जन्मभर. बंदी येणार असं जाहीर होताच अमेरिकी संसदेवर पत्रांचा पाऊस पडला. तेव्हा तिथल्या बाजारात दुसरं कृत्रिम गोडवं नव्हतं, आणि मधुमेह्यांनी काय करायचं हा प्रश्न खराच होता. संसदेने नोव्हेंबरमध्ये मधला मार्ग काढला: बंदी लांबणीवर, पण प्रत्येक पुडीवर इशारा. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत याने कॅन्सर झाल्याचं ठरलं आहे, अशा अर्थाची ती ओळ तेवीस वर्षं छापली गेली. आपल्याकडच्या "म्हणे"चा उगम बहुधा तिथलाच.

उंदरांना ते कशाने झालं, हे उलगडायला पुढची काही वर्षं गेली. नर उंदराची लघवी अतिशय दाट असते आणि तिच्यात प्रथिनं भरपूर. सोडियमच्या क्षाराच्या रूपातलं सॅकरिन एवढ्या प्रमाणात पोटात गेलं की लघवीत कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म खडे धरतात. ते मूत्राशयाच्या अस्तराला सतत ओरखडे काढतात. अस्तर झिजतं, पुन्हा वाढतं, पुन्हा झिजतं, आणि या भराभर वाढीत गाठी होतात. गंमत म्हणजे 'क' जीवनसत्त्वाचा सोडियम क्षार तशाच मोठ्या मात्रेत दिला तरी अस्तराची तशीच गत होते. माणसाची लघवी वेगळी, तिच्यात हे घडत नाही. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या सुमारे तीन हजार रुग्णांची अमेरिकेत पाहणी झाली, तिचा निष्कर्ष १९८० मध्ये आला. गोडव्यामुळे एकंदर धोका वाढल्याचं दिसलं नाही. २००० मध्ये सॅकरिनचं नाव तिथल्या कॅन्सरकारकांच्या सरकारी यादीतून निघालं आणि पुडीवरची ओळही गेली. पुसली गेल्याची बातमी मात्र छापली गेल्याच्या बातमीएवढी कधीच पसरत नाही.

तोवर फिर्याद धाकट्या भावंडांवर सरकली होती. अ‍ॅस्पार्टेमबाबतचा एक इशारा तर पूर्ण खरा आहे. त्यातून फेनिलअ‍ॅलनिन सुटतं आणि फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी ते टाळायलाच हवं. बाकी गोंधळाचं उदाहरण २०२३ चं. त्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम 'कदाचित कॅन्सरकारक' या २ ब गटात टाकलं. त्याच दिवशी संघटनेच्याच अन्नमिश्रकांच्या समितीने, किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा बदलायचं कारण नाही, असं सांगितलं. सत्तर किलोच्या माणसाने ती ओलांडायला दिवसाला डाएट पेयाचे नऊ ते चौदा कॅन रिचवावे लागतात. एकीचा प्रश्न होता, विहिरीत माणूस बुडू शकतो का. दुसरीचा, तुमच्या विहिरीला कठडा आहे का. मथळे अर्थात बुडण्याचे झाले. २ ब गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही बसलेल्या आहेत.

मला स्वतःला जास्त विचार करायला लावणारी गोष्ट त्याच वर्षी मे महिन्यात आली, आणि तिच्यात कॅन्सर नव्हता. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी ही गोडवी वापरू नयेत, असं आरोग्य संघटनेने सुचवलं, कारण दीर्घकाळात त्याने वजन घटल्याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही. आधीच मधुमेह असलेल्यांना ही सूचना लागू नाही. म्हणजे विष ठरवता न आलेल्या पुडीवर पुन्हा जुनंच कलम लागलं: सांगते ते देत नाही. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवर आणि २०२२ मध्ये माणसांवर केलेल्या प्रयोगांत सॅकरिन आणि सुक्रालोजने आतड्यातले जिवाणू आणि काहींची साखर पचवण्याची ताकद बदलल्याचं दिसलं. अंगाला न लागता बाहेर पडणारा पदार्थ वाटेत कुणाकुणाला भेटतो, हे फालबर्गने तपासलेलं नव्हतं.

आपल्याकडे गोळीच्या डबीवर गोडव्याचं नाव असतं आणि मुलांना देऊ नये अशी सूचना असते. बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर आणि शाळेबाहेरच्या रंगीत पेप्सीच्या नळीवर असलं काही नसतं, आणि तिथे साखरेचा खर्च वाचवायला सॅकरिन वापरणारे शर्मनचे वारस आहेत. देशाच्या अन्नकायद्याने सॅकरिनला ज्या मोजक्या पदार्थांत रीतसर जागा दिली, त्यांत पान मसाला आणि गोड सुपारी आहे (महाराष्ट्रात पान मसाल्यावर २०१२ पासून बंदी घातली गेली, ते वेगळं). ही सुपारी तोंडात टाकताना त्यातल्या सॅकरिनने काही होत नाही ना, असं विचारणारे लोक भेटतात. सॅकरिन जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत १९९९ पासून तिसऱ्या गटात आहे, म्हणजे माणसाच्या कॅन्सरशी संबंध ठरवता येत नाही अशा पदार्थांत. नुसती सुपारी मात्र, तंबाखू न घातलेलीसुद्धा, २००३ मध्येच पहिल्या गटात गेली. त्या गटात तंबाखूही आहे.