ओझे वाहणाऱ्यांची वाहतूक

आजचा प्रश्न साधा आहे. जी जनावरं आपलं ओझं वाहतात, त्यांनाच वाहून न्यायची वेळ आली तर ते कसं करायचं?

लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूर हिंडत. पण ते बैल आपल्या पायांनी चालत. जनावर थकलं की तांड्याला थांबावंच लागे. बैल ट्रकमध्ये चढला, खेचर विमानात चढलं, तेव्हा कधी थांबायचं हे जनावराच्या थकव्यावर अवलंबून राहिलं नाही. सुरक्षिततेचा प्रश्न तिथून सुरू होतो.

याचं एक ठळक उदाहरण आपण पाहू. मार्च 1944. जनरल विंगेट यांच्या चिंडिट तुकड्यांना ब्रह्मदेशात जपानी फौजेच्या पिछाडीला उतरायचं होतं. जंगलात रस्ते नाहीत, म्हणजे वायरलेसचे संच आणि दारूगोळा वाहायला खेचरंच हवीत. 5 मार्चच्या रात्री आसामातल्या लालाघाटहून ग्लायडर निघाले. आठवडाभरात सुमारे 9 हजार माणसं आणि 1,300 हून अधिक खेचरं व तट्टं हवाईमार्गे पोहोचली.

डाकोटा विमान काही जनावरांसाठी बांधलेलं नव्हतं. म्हणून आत बांबूचे आडणे लावून कप्पे केले, पाय घसरू नये म्हणून खाली काथ्याच्या चटया अंथरल्या आणि जनावरांना ओळखणारी माणसं सोबत बसवली. बहुतेक खेचरं सुखरूप उतरली.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आपण सांगितली पाहिजे. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून अनेक खेचरांचा आवाज शस्त्रक्रियेनं आधीच बंद केलेला होता. जनावर बिथरून विमान धोक्यात आलं, तर त्याला गोळी घालायचीही तयारी होती. म्हणजे काळजी घेतली गेली हे खरं, पण ती कामाची आणि विमानाची. जनावराला काय सोसावं लागतं, हा हिशेब त्यात नव्हता.

तो हिशेब आपल्या कायद्यात स्पष्टपणे मांडलेला दिसतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं विनाकारण वेदना होतील अशी वाहतूक हा गुन्हा ठरवला. त्याखाली 1978 मध्ये प्राणी वाहतुकीचे नियम आले. ते वाचताना गंमत वाटते, कारण त्यातही बांबू आहे! घोडे-खेचरं ट्रकमधून नेताना दोन जनावरांमध्ये किमान 8 सेंटीमीटर व्यासाचा बांबू हवा. गुरांसाठी काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या हव्यात, एका ट्रकमध्ये 6 पेक्षा जास्त गुरं नकोत आणि सोबत एक माणूस हवा.

साधनं जवळपास तीच आहेत, पण हेतू बदलला. युद्धात बांबू लावला तो मोहिमेसाठी. नियमात तो आला जनावरासाठी.

आता आपल्याकडे येऊ. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या मराठवाड्यातून साखर कारखान्यांकडे निघतात. बैलगाडीवाल्या टोळ्यांचे बैलही ट्रकमध्ये चढतात. त्या कुटुंबाची सगळी हंगामाची कमाई त्या जोडीवर असते. वाटेत एका बैलाचा पाय मोडला, तर उचल फेडायची कशी? इथे जनावराची वेदना आणि माणसाचं पोट वेगळं काढता येत नाही. म्हणून अशी गाडी दिसली की आपण एवढं तरी बघावं: पायाखाली काय आहे, मध्ये आडणं आहे का, आणि सोबत कोण आहे.