प्रायोगिक संभाव्यता

प्रायोगिक संभाव्यता म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगातून किंवा निरीक्षणातून जमवलेल्या माहितीवरून काढलेला, एखादी घटना घडण्याच्या संभाव्यतेचा अंदाज होय. घटना जितक्या वेळा घडली त्या संख्येला एकूण प्रयत्नांच्या संख्येने भागून ती काढतात.

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना गणितज्ञ जॉन केरिच यांनी १०,००० वेळा नाणेफेक केली. त्यांत ५,०६७ वेळा छापा पडला. यावरून छाप्याची प्रायोगिक संभाव्यता ०.५०६७ येते, सैद्धांतिक संभाव्यता ०.५ असते. प्रयत्न वाढवल्यास हा फरक सामान्यतः घटत जातो. मात्र १० फेकींत ७ छापे पडले, एवढ्यावरून नाणे सदोष ठरत नाही.

बाटलीचे झाकण उडवल्यास उताणे पडेल की पालथे, याच्या शक्यता समान मानता येत नाहीत. तेथे पुष्कळ निरीक्षणे करूनच अंदाज बांधावा लागतो.