एक, चार, सोळा : माक्याच्या तेलाची गोष्ट

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो, ‘ताई, आपण केसांचं तेल करून विकायचं का?’ विकण्याचं शेवटी बघू. आधी हे तेल आपल्याकडे कसं आलं ते पाहू.

चरकसंहितेत डोक्याला रोज तेल लावायला सांगितलंय आणि सगळ्या तेलांत तिळाचं तेल श्रेष्ठ मानलंय. पण बायकांनी वापरलं ते आपापल्या मुलखात पिकलेलं. कोकणात खोबरेल, देशावर तीळ नि करडई. तेल निघायचं गावच्या लाकडी घाण्यावर. पुढे गिरणीचं तेल आलं आणि घाणे बंद पडत गेले. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत घाणा सुधारायचं काम हाती घेतलं गेलं.

औषधी तेलाचं माप शार्ङ्गधरसंहितेत आहे. ग्रंथ सहा-सातशे वर्षांपूर्वीचा. एक भाग वाटण, चार भाग तेल, सोळा भाग रस किंवा काढा. म्हणजे पाव लिटर तेलाला साधारण ६० ग्रॅम आवळा-जास्वंदीचं वाटण आणि १ लिटर माक्याचा रस. रस कमी पडला तर काढा घाला.

माका बांधावर, ओलीच्या जागी मिळतो. पाला चोळला की हाताला काळसर डाग पडतो, ती त्याची खूण. दगडी पाला माका म्हणून आणू नका. भांडं मोठं घ्या, तेल फसफसून वर येतं. आच मंद ठेवा. वाटणाची बोटांवर वात वळली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, की पाणी आटलं असं समजा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. असं तेल लवकर खराब होतं. ही परीक्षाही जुन्या ग्रंथांतलीच.

पण मैत्रिणींनो, हे तेल सगळ्याजणींच्या वाट्याला आलं नाही. ब्राह्मण घरांत विधवेचं केशवपन व्हायचं. जिचे केसच काढले, तिला तेल कसलं? १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवलं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. केशवपन गेलं, तरी हळदीकुंकवाला एकल बाईला वगळणं राहिलं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. म्हणजे ही गोष्ट फार जुनी झालेली नाही.

आता विक्रीचं. घरापुरतं तेल खुशाल करा. विकायचं असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आधी तिथे चौकशी करा. आणि ‘टक्कल जाईल, पांढरे केस काळे होतील’ असलं काही बाटलीवर लिहू नका. खात्री नसलेलं बोललो तर गटाचं नाव जाईल.

पहिला घाणा काढाल तेव्हा गटातल्या एकल बायकांना आवर्जून बोलवा. वाटण त्यांच्याही हातचं असू दे आणि पहिलं तेल त्यांच्याही डोक्याला लागू दे.