नावात अडकलेली घोरपड

मंडळी, घोरपड म्हटलं की आपल्याला सिंहगडाचा कडा आणि दंतकथेतली यशवंती आठवते. आज आम्ही बोलणार आहोत ते तिच्या दूरच्या बहिणीविषयी. ही कांदळवनात राहते, खेकडे, मासे, अंडी खाते. काळसर अंगावर पिवळे ठिपके. शास्त्रीय नाव 'वॅरॅनस इंडिकस'. आता गंमत बघा, नाव 'इंडिकस', पण भारतात ही आढळतच नाही!

हे झालं कसं? १८०२ साली दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने मोलुक्का बेटांपैकी अंबोनच्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. मसाल्याच्या व्यापारासाठी डचांनी अंबोन १६०५ मध्येच ताब्यात घेतलं होतं, आणि युरोपच्या लेखी तो सारा मुलूख 'इंडीज'च. दोदँने तिला घातलं 'टुपिनांबिस' या प्रजातीत. हे तर ब्राझीलमधल्या टुपिनांबा लोकांचं नाव! म्हणजे घर अंबोनचं, नाव भारताचं, आडनाव ब्राझीलचं. पुढे १८२० मध्ये मेरेमने 'वॅरॅनस' हे प्रजातिनाम दिलं. त्याचं मूळ अरबी 'वरल', म्हणजे घोरपडच. पण जर्मन कानांना त्यात 'इशारा देणे' ऐकू आलं, त्याचं लॅटिन झालं 'मॉनिटर'. वर्गातल्या मॉनिटरशी तिचं नातं जुळलं ते असं, ऐकण्यातल्या चुकीतून.

तुम्ही म्हणाल, नावाने काय बिघडतं? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हीही हा प्रश्न विचारत असू. उत्तर पॅसिफिकमधल्या बेटांवर मिळतं. मारियाना बेटांवरच्या आणि पलाऊच्या घोरपडींनाही वर्षानुवर्षं 'इंडिकस'च म्हटलं गेलं. नाव दूरच्या जातीचं, तेव्हा माणसांनीच त्या बाहेरून आणल्या असाव्यात, असा समज रुजला. उपरा प्राणी म्हटला की त्याला संपवायच्या योजना आल्याच. २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की त्या वेगळ्या जाती आहेत, आणि तिथल्याच आहेत. पलाऊच्या जातीला तेव्हा 'बेनेटी' हे नवं नाव मिळालं. मारियानाच्या जातीला मात्र किशिदांनी १९२९ मध्येच 'त्सुकामोतोई' म्हटलं होतं. ते नाव तसंच बाजूला पडून राहिलं होतं.

इतिहास वाचताना आम्हाला हेच महत्त्वाचं वाटतं. एखाद्याला उपरा ठरवण्याआधी एवढं तरी विचारावं : हे नाव दिलं कोणी, आणि कुठे बसून?