सतरा रुपये सत्तर पैसे आणि सावकाराची मनोती

पोस्ट लांब आहे. पासबुक हाताशी असेल तर घेऊन बसा, शेवटी लागेल.

बँकेच्या पासबुकात अधूनमधून एक बारीकशी ओळ असते. कधी ५९ रुपये, कधी ११८, कधी १७ रुपये ७० पैसे. पुढे इंग्रजीत तीन-चार अक्षरं, ती कुणाला कळत नाहीत. आपण म्हणतो, जाऊ दे, एवढ्याशासाठी कोण भांडणार. बँकेचा धंदा या 'जाऊ दे'वर किती चालतो ते पुढे सांगतो. पण आधी जरा मागे जाऊ. ही ओळ नवी नाही, आणि तिच्याशी भांडणारे आपण पहिले नाही.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कागद. खतं, रोखे, हुकूमनामे, वह्या. ते बाहेर काढून जाळले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत गेलं. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळी शिकलो ते हेच.

कारणं मोठी होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव चढला होता, १८६५ नंतर तो पडला, वर सरकारनं सारा वाढवलेला. पण शेतकऱ्याचा खरा संताप होता वहीवर. शंभराचं खत लिहून घ्यायचं आणि हातात त्याहून कमी द्यायचे. मधले पैसे मनोतीचे, बट्ट्याचे, कसरीचे. फेडलेल्या पैशाची पावती नाही. वही सावकाराच्या घरी, आणि ती वाचता येणारा माणूस शेतकऱ्याच्या घरी नाही. व्याज किती ते निदान तोंडी ठरायचं. वरची कापाकापी मात्र कळायचीच नाही.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये कायदा आला, डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच कायद्यात आणखी तीन साध्या गोष्टी होत्या. शेतकऱ्यानं पैसे दिले की लेखी पावती, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा, आणि मागितलं तर हिशेब लिहिलेलं पासबुक.

होय, पासबुक. कर्जदाराच्या हातात हिशेबाची प्रत असावी हा आपल्याकडे कायद्यानं दिलेला हक्क आहे, आणि त्यामागे सुप्याच्या बाजारातली होळी आहे. पासबुक म्हणजे बँकेनं दिलेली शोभेची वही नव्हे.

आता मुंबईत येऊ. ज्या कापसाच्या तेजीनं दख्खनचा शेतकरी चढला आणि पडला, त्याच तेजीत मुंबईत शेअरचा जुगार माजला. त्याचे बादशहा प्रेमचंद रायचंद. तेजी फुटली तेव्हा बँक ऑफ बॉम्बे गोत्यात आली आणि १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. म्हणजे बँका होत्या, पण त्या असल्या लोकांच्या. गोदीत, गिरणीत राबणाऱ्याला बँकेची पायरी माहीत नव्हती. १८८२ पासून पोस्टाचं बचत खातं आलं, ते शिल्लक टाकणाऱ्यासाठी. ज्याला महिनाअखेर उसने लागायचे, त्याला सावकारच.

माझगाव, भायखळा, परळ, लालबाग. सातारा-कोकणातून आलेला माणूस इथल्या चाळीत राहायचा. नोकरी लावून देणाऱ्या मुकादमाला दस्तुरी द्यायची, वाण्याकडे उधारी, आणि अडलं की पठाणाकडे किंवा पेढीवर. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनं १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. शंभरातली ४७ कुटुंबं कर्जात होती. नेहमीचा दर रुपयाला महिन्याला एक आणा. ऐकायला किरकोळ वाटतं. वर्षाचे बारा आणे, रुपयाचे सोळा. म्हणजे साल ७५ टक्के. 'एक आणा' म्हणून सांगितलं की कुणी हिशेब करत नाही, ही युक्ती तेव्हाचीच.

मग १९४६ चा मुंबई सावकारी कायदा. सावकाराला परवाना बंधनकारक, वह्या ठेवणं बंधनकारक, पावती बंधनकारक. दामदुपटीचा जुना न्याय कायद्यात आला, व्याज मुद्दलाच्या वर जाणार नाही. आणि एक कलम असं की कर्ज देण्याच्या खर्चाच्या नावाखाली सावकारानं ऋणकोकडून वरकड पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे मनोती बंद. सुपे ते हे कलम, मध्ये ७१ वर्षं गेली.

स्वातंत्र्यानंतरही मोठ्या बँका लहान माणसाला दारात उभं करत नव्हत्या. त्यातूनच मुंबईत सहकारी बँका वाढल्या. गोदी आणि टॅक्सीवाल्यांच्या चळवळीत घडलेले जॉर्ज फर्नांडिस. त्यांनी १९६८ मध्ये बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली. टॅक्सीवाल्याला, कामगाराला कर्ज कुणी देत नाही ना, मग आपलीच बँक. पुढच्याच वर्षी, १९ जुलै १९६९ ला, इंदिरा गांधींनी १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. हळूहळू शाखा गावोगाव आल्या. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं 'मूलभूत बचत खातं' आणलं, किमान शिलकीची अट नाही. २०१४ मध्ये जनधन. आता प्रत्येकाच्या हातात पासबुक.

आणि मनोती परत आली.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सावकाराच्या काळात आपण ऋणको होतो. बचत खात्यात आपण धनको आहोत. पैसा आपला, बँक तो वापरते आणि पुढे जास्त व्याजानं देते. सावकार ज्याला कर्ज दिलं त्याच्याकडून वरकड काढायचा. बँक जिच्याकडून पैसा घेते तिच्याच खात्यातून काढते.

उदाहरणं सगळ्यांना माहीत असलेलीच सांगतो. एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेनं किमान शिलकीचा दंड पुन्हा सुरू केला, महानगरांत अट ५,००० रुपयांची. नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत दंड जमला १,७७१ कोटी. जुलै ते सप्टेंबर २०१७ या तिमाहीत बँकेचा नफा होता सुमारे १,५८२ कोटी. म्हणजे ज्यांच्या खात्यात पैसे नव्हते, त्यांच्याकडून तिमाहीच्या नफ्यापेक्षा जास्त मिळाले. ओरड झाली. आधी अट खाली आणली, मग दंड कमी केला, शेवटी मार्च २०२० मध्ये रद्द.

१७ रुपये ७० पैशांची गोष्ट तर त्याहून बोलकी. मूलभूत खात्यात महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत. पाचव्यापासून स्टेट बँक प्रत्येक वेळी १५ रुपये अधिक कर कापत होती. रोख काढली तरी आणि यूपीआयनं चहाचे पैसे दिले तरी. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी आकडे मांडले, २०१५ ते २०२० मध्ये साधारण १२ कोटी खात्यांमधून ३०० कोटींहून जास्त वसुली. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळानं बँकांना सांगितलं, १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे कार्डाच्या व्यवहारांवर घेतलेले पैसे परत करा. स्टेट बँकेनं सुमारे ९० कोटी परत केले. त्याआधीच्या काळातले राहिले ते राहिले.

त्या १७.७० मधले २.७० रुपये जीएसटीचे. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा, १ रुपया ३५ पैसे. राज्याच्या जीएसटी खात्याचं मुख्यालय कुठे? माझगावात. जिथल्या चाळींनी रुपयाला एक आणा मोजला, तिथेच आता या दंडावरचा कर मोजला जातो. सरकारला तक्रारीची घाई का नसते, याचं एक कारण यात असेल का, तुम्हीच ठरवा.

सरकारनं जुलै २०२४ मध्ये लोकसभेत दिलेला आकडा असा: सरकारी बँकांनी पाच वर्षांत किमान शिलकीच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी घेतले. त्यावर पुन्हा बोंब झाली आणि २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनी बचत खात्यावरचा हा दंड काढून टाकला. लगेच ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेनं शहरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक ५०,००० केली. लोक तुटून पडले, आणि दोन आठवड्यांच्या आत ती १५,००० वर आली. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं म्हणणं, किमान शिल्लक किती ठेवायची हे बँकेनं ठरवायचं.

आता बँकेची बाजू. शाखा, एटीएम, माणसं यांना खर्च असतो. फुकट काही नसतं, मान्य. पण शुल्क आधी सांगून, कळेल अशा भाषेत, आणि खर्चाच्या मानानं घ्या. ज्याच्या खात्यात कमी, त्यालाच दंड, हा कुठला हिशेब? लाखाच्या ठेवीवाल्याला चेकबुक मोफत आणि पेन्शनवाल्याला ११८ चा फटका.

काहीजण म्हणतील, मग लहान सहकारी बँकेत जा. जा, पण डोळे उघडे ठेवून. जॉर्जच्या त्याच कामगार बँकेचं पुढे नाव झालं न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला, आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना आधी फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती, हेही विसरू नका. ठेवीला विमा आहे तो एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंत. बँक बदलून प्रश्न सुटेलच असं नाही. हिशेब मागायची सवय मात्र कुठल्याही बँकेत उपयोगी पडते.

मी तालुक्याच्या गावातला बातमीदार. पण आमचे तात्या गोदीतून निवृत्त झालेले, माझगावलाच असतात. त्यांचं जुनं पगाराचं खातं तीन वर्षं पडून होतं. पासबुक भरून आणलं तर नऊ महिने दरमहा ११८ रुपये कापलेले, एकूण १,०६२. शाखेत म्हणाले, "सिस्टीमनं कापलेत, आमच्या हातात नाही." आम्ही एक पानी मराठी अर्ज दिला, निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही एवढंच लिहून, आणि पोच घेतली. तीन आठवड्यांत पैसे जमा. सिस्टीमला मराठी येत होतं म्हणायचं.

तर काय करायचं:

१. पासबुक दर तीन महिन्यांनी भरून आणा. सहा महिन्यांतल्या सगळ्या कपातींवर पेन्सिलनं खूण करा. अक्षरं कळली नाहीत तर शाखेत अर्थ विचारा. तो तुमचा हक्क आहे.

२. किमान शिलकीच्या दंडाचे नियम रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१४ मध्ये घातलेत. आधी कळवायचं, शिल्लक भरायला महिनाभराची मुदत द्यायची, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात घ्यायचा, आणि फक्त दंडामुळे खातं उणे होता कामा नये. मेसेज आला नव्हता? मग तक्रार पक्की.

३. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय धरतात. त्यावर हा दंड नाही.

४. मोठी शिल्लक ठेवणं जमत नसेल तर मूलभूत बचत खातं मागा. साधं खातं त्यात बदलून मिळतं. शाखा "असं काही नसतं" म्हणेल. लेखी मागा.

५. तोंडी तक्रार करू नका. लेखी द्या, पोच किंवा तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

६. चाळीत, सोसायटीत, पेन्शनरांच्या कट्ट्यावर एकाच बँकेचे दहाजण निघतात. दहा अर्ज एकाच दिवशी द्या. एकट्याला टोलवतात, दहांना बसवून चहा देतात.

सुप्याच्या लोकांना कागद जाळावा लागला, कारण तो त्यांना वाचायला मिळत नव्हता. आपल्याला तो छापून मिळतो, मोबाईलवरही येतो. रद्द झालेला प्रत्येक दंड लोक बोलले म्हणून रद्द झाला, २०२० मध्येही आणि २०२५ मध्येही. बँकेला अचानक दया आली म्हणून नव्हे. म्हणून उद्या शाखेत गेलात तर शिल्लक बघून पासबुक मिटू नका. मधल्या ओळी वाचा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचंही पासबुक एकदा मागून घ्या. त्यांचंच जास्त कापलं जातं, आणि तेच सगळ्यात आधी 'जाऊ दे' म्हणतात.